सिगारेटबंदीवर लेख लिहिलाय, छापायला कुठे पाठवू?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

मी कराडजवळच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. 'सिगारेटवर संपूर्ण बंदी का हवी' असा लेख लिहून झालाय, तीन हजार शब्दांच्या आसपास. तो पाठवायचा कुठे, इथे गाडं अडलंय.

लिहायला बसले त्याला कारण शाळेसमोरची टपरी. फाटकापासून शंभर यार्डांवर रस्त्यात पिवळी रेषा मारलेली आहे, नियमाप्रमाणे. टपरी रेषेच्या आत आहे. खांबाला दोरीने लायटर बांधलेला, पुढे गोळ्यांच्या बरण्या आणि बरण्यांच्या मागे उघडं पाकीट. नववीतली पोरं पाठीवर दप्तर असताना एक सुटी घेतात, दोघांत ओढतात, वर बडीशेप चघळतात आणि माझ्या तासाला येऊन बसतात.

घरचे म्हणतात लोकसत्ताला पाठव. मुख्याध्यापक म्हणतात 'जीवन शिक्षण' या शिक्षकांच्या मासिकाला. मैत्रीण म्हणते दिवाळी अंक बघ. मला नाव छापून येण्याची हौस नाही, काहीतरी हलावं एवढंच वाटतं. सुरुवात खाली देते:

"आजच्या धकाधकीच्या युगात मानव प्रगतीची उत्तुंग शिखरे पादाक्रांत करीत असताना दुसरीकडे मात्र व्यसनरूपी राक्षसाने तरुणाईला आपल्या विळख्यात घेतले आहे. सिगारेट हा समाजाला जडलेला कर्करोगच होय..."

बाकावरचा

धागा शंभरी गाठणार. चहा घेऊन बसलोय. चहाबरोबर काय, ते विचारू नका.

जुना_उपसंपादक

ताई, आधी वाईट बातमी. तीन हजार शब्द कुठलंही दैनिक छापणार नाही. संपादकीय पानावर बाहेरून आलेला लेख आठशे-हजारच्या घरात असतो, वाचकांचं पत्र दोन-अडीचशे. त्यापुढे गेलात की कात्री आमच्या हातात. रात्री पान सोडायच्या घाईत आम्ही शेवटाकडून कापत येतो, आणि लेखकाने सगळा जीव शेवटच्या परिच्छेदात ओतलेला असतो.

दुसरं, ही सुरुवात. मी डेस्कवर होतो तेव्हा पहिल्या दोन ओळींत 'युग', 'राक्षस' आणि 'विळखा' दिसले की लेख खालच्या ढिगात जायचा. आणि सिगारेट हा समाजाचा कर्करोग? अहो, सिगारेटने खराखुरा कर्करोग होतो. तिथे उपमा कशाला हवी? तुमचा लेख तुम्ही धाग्यात वर लिहिलाच आहे. रेषा, रेषेच्या आतली टपरी, बरणीमागचं पाकीट. तिथून सुरू करा.

तिसरं, आणि हेच खरं. 'बंदी घाला' हे सांगताय कोणाला? पंतप्रधानांना, मुख्यमंत्र्यांना, नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना, की त्या टपरीवाल्याला? ते ठरवा, छापायची जागा मग शोधावी लागणार नाही.

वकीलकाका

वरच्या तिसऱ्या मुद्द्याला पुरवणी.

राज्य सरकारने सिगारेटवर बंदी घालावी अशी मागणी असेल, तर दुसऱ्याच दिवशी कोणीतरी पत्र लिहून तुमची विकेट काढेल. सिगारेट आणि इतर तंबाखूजन्य उत्पादनांचा २००३ चा कायदा केंद्राचा आहे. त्याच्या दुसऱ्याच कलमात तंबाखू उद्योग केंद्राच्या नियंत्रणाखाली घेणं जनहिताचं असल्याचं जाहीर केलंय. महाराष्ट्राने २००२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली होती, ती २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात टिकली नाही. २०१२ ची टिकली, कारण ती अन्नसुरक्षेच्या नियमावर उभी आहे: खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन घालता येत नाही. तीही वर्षाच्या मुदतीची, आदेश पुन्हा पुन्हा काढावा लागतो. सिगारेट कोणी खात नाही, म्हणून ती वाट इथे बंद.

मग राज्याला काहीच करता येत नाही का? येतं. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राने सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकायला बंदी केली. युक्तिवाद साधा होता. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर धोक्याचा सचित्र इशारा असलाच पाहिजे, सुट्या कांडीवर तो नसतो. म्हणजे ताई, तुमच्या शाळेसमोर जे चाललंय त्यावर बंदी आधीच आहे. एकदा नाही, तीनदा: सुटी विक्री, शंभर यार्ड आणि अठराखालचं गिऱ्हाईक.

यातली गंमत बघा. शंभर यार्डांचा नियम मोडला तर दंड दोनशे रुपयांपर्यंत. तोच माणूस अल्पवयीन मुलाच्या हातात सिगारेट देतो, तेव्हा बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७७ लागू शकतं: सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. दोनशेची पावती फाडलेली मी पाहिली आहे. ७७ लावलेलं पाहण्याचा योग अजून यायचाय.

कृष्णाकाठ

कलम ७७ मला ठाऊक नव्हतं. उपसंपादक, खरं सांगायचं तर मला सगळ्यांनाच सांगायचं आहे.

जुना_उपसंपादक

सगळ्यांना सांगितलेलं कोणीच ऐकत नाही. सभेत 'कोणीतरी पंखा लावा रे' म्हणून बघा.

मिरजेचा_डॉक्टर

मी कान-नाक-घसावाला. विषय सिगारेटच का? २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के निघाले आणि चघळणारे, घासणारे, गालात धरणारे २४.४ टक्के. देशभरातही सिगारेट ४ टक्के, विडी ७.७, बिनधुराची तंबाखू २१.४. आमच्या ओपीडीत रोज येतो तो मावा आणि गुटखावाला. 'आ करा' म्हटलं की जेमतेम दोन बोटं आत जातील एवढंच तोंड उघडतं. तिखट लागलं की डोळ्यांत पाणी. वय पंचवीस-सव्वीस. बायकांची मिश्री वेगळीच, ती तर घरात कोणी व्यसनात धरतच नाही.

सिगारेटबंदीचा लेख मुंबई-पुण्याच्या पेपरात शोभतो. सांगली-साताऱ्यात लिहायचं तर माव्यावर लिहा.

कृष्णाकाठ

डॉक्टर, आकडे मान्य. पण मला दिसतंय ते लिहितेय. आमच्याकडे माव्याची पुडी लपवतात, सिगारेट मिरवतात. सिनेमात हिरोच्या हातात पुडी नसते ना. पोरं सुरुवात मिरवण्याने करतात, म्हणून सिगारेट.

मिरजेचा_डॉक्टर

हे वाक्य लेखात आहे का? नसेल तर घाला.

तिखटमीठ

मी ओढतो, आधीच सांगितलेलं बरं. पोरांना विकू नका, शाळेजवळ विकू नका, बसस्टॉपवर दुसऱ्याच्या तोंडावर धूर सोडू नका, सगळं मान्य. पण 'संपूर्ण बंदी' ऐकलं की डोकं फिरतं.

भूतानने २००४ मध्ये तंबाखूविक्री बंद केली, २०१० मध्ये कायदा आणखी आवळला. २०११ मध्ये एका तरुण भिक्खूकडे थोडी खायची तंबाखू सापडली म्हणून त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. माल कुठून जायचा? आपल्या सीमेवरच्या जयगावहून, पलीकडच्या फुन्शोलिंगमार्गे. कोविड आला तशी तस्करांबरोबर रोगही शिरेल ही भीती निर्माण झाली आणि विक्री पुन्हा खुली झाली, २०२१ मध्ये कायदाच बदलला. दक्षिण आफ्रिकेने २०२० च्या टाळेबंदीत काही महिने सिगारेट विकूच दिली नाही. ओढणाऱ्यांनी काळ्या बाजारात जास्त मोजले आणि ओढत राहिले.

लेख 'आजचा सुधारक'ला पाठवा. आता तो ऑनलाइन निघतो, शब्दांची एवढी कंजुषी नसते आणि व्यक्तिस्वातंत्र्यावर तुमच्याशी भांडायला माझ्यासारखे टपलेले असतील. जिथे सगळे माना डोलावणार तिथे छापून कोणाचं मत बदलणार आहात?

बाकावरचा

विकिपीडियावर टाका की. फुकट आहे.

वाचनवेडी

बाकावरचा, विकिपीडिया मतं मांडायची जागा नाही. दहा मिनिटांत उडवतील.

तिखटमीठ यांचा शेवटचा प्रश्न मात्र बिनतोड आहे. मी नियतकालिकं वर्गणी भरून वाचते, म्हणून माझं मत. तीन हजार शब्द तसेच ठेवायचे असतील तर 'साधना'. लांब वैचारिक लेखाला तिथे जागा मिळते. शिवाय तुम्ही सातारा जिल्ह्यातल्या. नरेंद्र दाभोलकर १९९८ पासून शेवटपर्यंत 'साधना'चे संपादक होते आणि साताऱ्यात 'परिवर्तन' हे व्यसनमुक्ती केंद्रही त्यांनीच उभं केलं, तेव्हा विषय त्या घराला परका नाही. 'अक्षरनामा'सारखी पोर्टलंही लांब लेख घेत आली आहेत. मिश्रीवर लिहिलंत तर 'मिळून साऱ्याजणी', ते बायकांचं मासिक आहे.

पण 'साधना'च्या वाचकाला सिगारेट वाईट हे पटवायची गरज नाही. त्याला पटवायचं आहे ते बंदीचं. दारूबंदीचं काय झालं ते त्याने वाचलेलं असतं, म्हणून तो बंदीला बिचकतो. तिथे पाठवायचा लेख फुप्फुसांच्या वर्णनाने भरून चालणार नाही. भूतानचा खुलासा द्यावा लागेल.

चांद्याचा_भौ

दारूबंदीचं नाव काढलं म्हणून लिहून राहिलो. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ला बंदी झाली, २०२१ ला उठली. मधल्या काळात दारू मिळत नव्हती असं कोणी म्हणेल तर त्याला आमच्या गावी आणा. पण दुसरी बाजू पण सांगतो. ती बंदी काही कोणाच्या लेखानं आली नाही. बायांनी २०१० मध्ये आमच्या जिल्ह्यातल्या चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनापर्यंत पायी मोर्चा नेला होता. लेख मागून आले.

शेजारी गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंगांच्या 'सर्च'चं 'मुक्तिपथ' चालते, दारू आणि तंबाखू दोन्हीवर. तिथे गावाची सभा ठरवते का आपल्या गावात खर्रा (तुमचा मावा) विकू द्यायचा नाही. कागद लागला तर ग्रामसभेचा ठराव. ताईंनी लेख छापायच्या आधी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करून घ्यावा, मी तर म्हणतो.

ऑकलंडचा_नाना

इकडचा अनुभव सांगतो. न्यूझीलंडने डिसेंबर २०२२ मध्ये कायदा केला: १ जानेवारी २००९ ला किंवा नंतर जन्मलेल्याला सिगारेट कधीच विकायची नाही, तो म्हातारा झाला तरी. विक्रीची ठिकाणं देशभरात सहा हजारांवरून सहाशेवर आणायची, सिगारेटमधलं निकोटिनही उतरवायचं. सरकार बदललं आणि २०२४ मध्ये, हे सगळं अंमलात यायच्या आत, कायदा रद्द.

इथे कोपऱ्यावरच्या दुकानाला 'डेअरी' म्हणतात, बरीचशी आपल्या गुजराती-पंजाबी मंडळींची. करामुळे पाकीट इतकं महाग की चोर गल्ल्यापेक्षा सिगारेटचं कपाट आधी फोडतात, प्रसंगी गाडी मागे घेऊन काच फोडून आत घुसतात. माझ्या ओळखीचे दुकानदार कायद्याबद्दल एका दमात दोन्ही बोलायचे. धंदा बसेल, आणि माल नसला तर चोर तरी येणार नाहीत.

तरी 'जन्मसालाची बंदी' ही मागणी म्हणून चांगली आहे. आज ओढणाऱ्या तिखटमीठ यांना हात लागत नाही. मालदीवने १ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू केलीय, १ जानेवारी २००७ ला किंवा नंतर जन्मलेल्यांसाठी. मात्र भारतात हा निर्णय दिल्लीचा आणि दिल्लीत मराठी पान कोण वाचतो? त्यासाठी इंग्रजी किंवा हिंदीत लिहा, नाहीतर थेट खासदाराला द्या.

वकीलकाका

नानांशी सहमत. केंद्राला मनात आलं तर करता येतं याचा दाखला ताजा आहे. ई-सिगारेटवर सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा झाला: उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात सगळं बंद. कारण उघड आहे. त्यामागे इथला शेतकरी नव्हता, कामगार नव्हता आणि महसूलही नव्हता.

निपाणीकर

आता शेतकऱ्याचं नाव निघालं म्हणून बोलतो. वडील तंबाखू करायचे. १९८१ चं आंदोलन, शरद जोशी, पुणे-बंगळूर रस्त्यावरचं ठाण आणि शेवटी गोळीबार. आमच्याकडे हे वाचून कळलेलं नाही, घरात ऐकलेलं आहे. तेव्हा मागणी काय होती? बंदी नको, भाव द्या.

एक गोष्ट लेख लिहिणारे सगळेच घोळतात. आमची तंबाखू विडीची. सिगारेटची व्हर्जिनिया आंध्रात आणि म्हैसूरकडे पिकते, गुंटूरच्या तंबाखू मंडळाच्या देखरेखीत लिलाव होतो. म्हणजे सिगारेट बंद झाली तर निपाणीच्या रानाचं काही जात नाही, उलट ओढणारा विडीकडे आला तर आमचंच भलं, असं कोणी खवचटपणे म्हणू शकतो. मी म्हणतोय असं नाही. आता इकडंही ऊस, सोयाबीन वाढलाय. पण हा मुद्दा कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यातल्या कुठल्याही वाचकाच्या डोक्यात पहिल्यांदा येणार. 'पुढारी' किंवा बेळगावच्या 'तरुण भारत'ला पाठवणार असाल तर त्याचं उत्तर आधी तयार ठेवा. 'शेतकऱ्यांना पर्यायी पिके द्यावीत' असं एका ओळीत उरकू नका. कुठलं पीक, कोरडवाहू की बागायत, उचल कोण देणार? तंबाखूला व्यापारी उचल देतो. म्हणून ती सुटत नाही.

सोलापूरकरीण

निपाणीकरांना दुजोरा. आमच्या पूर्व भागात घरटी एक बाई विडी वळते. हजार विड्यांमागे मजुरी, पानं वाळली की तोटा तिचा, छाटात गेलेली विडी पण तिचीच. कुंभारीला विडी कामगार बायकांची गोदूताई परुळेकर वसाहत आहे, दहा हजार घरांची. तिथं जाऊन 'तंबाखूवर बंदी' म्हणा बघू. तुम्ही 'सिगारेट' लिहिलंय ते बरंय, पण मग प्रश्न येतोच की साहेबाची बंद आणि गड्याची चालू का? किंवा उलट, गड्याचीच का पकडता? लेखात विडीबद्दल एक परिच्छेद पाहिजेच. गप्प बसलात तर आमच्याकडचा संपादक तिथंच बोट ठेवणार.

तिखटमीठ

हे बघा, बंदीचा लेख वाढत वाढत पाच हजार शब्दांचा झाला.

जुना_उपसंपादक

झाला, म्हणूनच तो एक लेख नाही. मी मोजतोय: शाळेसमोरची टपरी हा एक, जन्मसालाची बंदी हा दुसरा, शेतकरी-विडी-सिगारेट हा तिसरा. ताई, तिसऱ्याला हात लावू नका. तो निपाणीकरांनी लिहावा, 'शेतकरी संघटक'ला द्यावा.

पहिल्याबद्दल थोडं आतलं सांगतो, कारण लोकांना हे माहीत नसतं. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा माहिती कार्यालय असतं. तिथे रोज सकाळी स्थानिक पेपर चाळून जिल्ह्याबद्दलची कात्रणं काढतात आणि ती जिल्हाधिकाऱ्यांपुढे जातात. त्यात काही बोचरं असेल तर संबंधित खात्याकडे 'खुलासा करावा' असा शेरा जातो. तुमचा लेख मुंबई आवृत्तीच्या संपादकीय पानावर आला तर चार मित्रांचे फोन येतील. तोच सातारच्या 'ऐक्य'मध्ये, किंवा मोठ्या दैनिकाच्या सातारा आवृत्तीच्या जिल्हा पानावर आला, तर त्याच्यावर शेरा पडू शकतो. अन्न व औषध प्रशासन, पोलीस, शिक्षणाधिकारी, नगरपरिषद, चौघंही त्याच जिल्ह्यात बसतात. लेखात नियम कुठला मोडला जातोय आणि तो कोणी पाळून घ्यायचा, हे स्पष्ट हवं. 'प्रशासनाने लक्ष द्यावे' लिहिलंत तर चौघंही एकमेकांकडे बोट दाखवतील.

वाचनवेडी

३१ मेचं काय? जागतिक तंबाखूविरोधी दिन. त्या दिवशी पेपरवाले असे लेख शोधतच असतात ना?

जुना_उपसंपादक

शोधत नाहीत, झटकत असतात. त्या आठवड्यात डॉक्टर, संस्था, महाविद्यालयांचे एनएसएस प्रमुख आणि कवी, सगळ्यांचं येतं. आणि ३१ मेला शाळांना सुट्टी असते! शाळेसमोरच्या टपरीवर लिहायचं आणि फाटकाला कुलूप असताना छापायचं, हे मला कधी कळलं नाही. शाळा उघडतात तो जूनचा मधला आठवडा धरा. त्या आठवड्यात जिल्हा पानाला शाळेचंच सगळं हवं असतं: गणवेश, पुस्तकं, खड्डे. त्यात टपरी बसते. लेख आठवडाभर आधी द्या.

अक्षरगंध

दिवाळी अंकाबद्दल कोणीच बोललं नाही. मी एका अंकाचं काम बघतो. विषय पावसाळ्यातच ठरतात, श्रावणापर्यंत मजकूर हातात हवा असतो. व्यसनावर विशेष विभाग असेल तरच आगंतुक लेख बसतो. आणि एक कडू गोष्ट. तंबाखूची थेट जाहिरात छापायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे, पण त्याच ब्रँडच्या वेलचीची, पान मसाल्याची जाहिरात येते आणि अंक त्यावर निघतात. तुमचा लेख अशा रंगीत पानासमोर लागला तर मला फोन करू नका.

बाकावरचा

वेलचीला चांदीचा वर्ख लावून नट विमानातून उतरतो तीच ना? घरात कोणाला ती वेलची खाताना पाहिलंय का कोणी?

मिरजेचा_डॉक्टर

+१. दैनिकांच्या पहिल्या पानावरही असते. लेख पाठवण्याआधी आठवडाभर त्या पेपरच्या जाहिराती बघून घ्याव्यात, फजिती टळते.

जुना_उपसंपादक

डॉक्टर, असं बघत बसलात तर छापायला भिंतपत्रक तेवढं उरेल. उलट जिथे ती जाहिरात येते तिथेच लेख आला तर मला मजा वाटेल. जाहिरात विभाग आणि संपादकीय विभाग एकमेकांचं फारसं वाचत नाहीत, त्याचा फायदा घ्या.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. काल टपरीवाल्याशी बोलले. त्याची मुलगी आमच्याच शाळेत सहावीत आहे, त्यामुळे आजवर टाळत होते. तो म्हणाला, "बाई, अख्खं पाकीट विकून काय सुटत नाही. सुटीवर सुटतंय. रेषेच्या पलीकडं गाडा नेतो, पण तिथं नगरपरिषद उभं राहू देत नाही." पोरांना देऊ नको म्हटलं, तर म्हणे, "पोरं म्हणत्यात वडलांना पाहिजे."

सुरुवात बदलली आहे:

"शाळेच्या फाटकापासून शंभर यार्डांवर डांबरावर पिवळी रेषा आहे. तिच्या आत तंबाखू विकायची नाही, असा देशाचा कायदा आहे. रेषेच्या आत एक टपरी आहे. तिथे सिगारेट सुटी मिळते, जी महाराष्ट्रात २०२० पासून विकता येत नाही, आणि ती नववीच्या मुलाला मिळते, ज्याबद्दल सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. टपरीवाल्याला पलीकडे जायचे आहे, पण पलीकडे जागा नाही."

हा आठशे शब्दांचा करून जिल्हा पानाला देते. मागणी एकच: नगरपरिषदेने रेषेबाहेर जागा आखून द्यावी आणि आतली विक्री बंद करावी. जन्मसालाच्या बंदीचा मोठा लेख वेगळा लिहीन, 'साधना'साठी, त्यात भूतान आणि न्यूझीलंड दोन्ही पूर्ण घेईन. विडीचा परिच्छेद लिहून आधी सोलापूरकरीण ताईंना दाखवेन.

तिखटमीठ

हे वाचलं असतं मी. शेवटपर्यंत.

वकीलकाका

उत्तम. दोन सूचना. टपरीवाल्याचं नाव, टपरीचं नाव आणि शाळेचं नाव लेखात नको. तो 'पोरांना विकतो' असं थेट विधान छापून आलं की प्रकरण त्याच्यावर शेकतं, आणि त्याची मुलगी तुमच्या वर्गाशेजारी बसते. एवढं ठेवून नियम आणि जागा दाखवता येते. दुसरं, नोकरीत आहात, मुख्याध्यापकांच्या कानावर घालूनच पाठवा. शाळेच्या आवारात कोणी ओढताना दिसला तर दंडाची पावती फाडायचा अधिकार २००८ च्या नियमांनी संस्थाप्रमुखाला दिलेला आहे, हेही त्यांना सांगा. बऱ्याच मुख्याध्यापकांना माहीत नसतं.

जुना_उपसंपादक

आणि पाठवताना: मजकूर युनिकोडमध्ये, मेलच्या अंगातच चिकटवा, शिवाय वर्ड फाइल जोडा. पीडीएफ नको, वहीच्या पानाचा फोटो तर नकोच. विषयाच्या जागी 'लेख' एवढंच लिहू नका. शेवटी नाव, गाव, फोन. एका वेळी एकाच पेपरला, आठवडाभर वाट बघून फोन, मग दुसरीकडे. रेषेचा फोटो द्या, सकाळी सातच्या आत काढलेला, पोरं नसताना. मथळा तुम्ही कितीही विचार करून दिलात तरी बदलणार आहेत, त्याचं मनाला लावून घेऊ नका.

चांद्याचा_भौ

ठरावाचं विसरू नका ताई.

कृष्णाकाठ

शाळा व्यवस्थापन समितीची सभा जूनच्या पहिल्या आठवड्यात आहे, विषयपत्रिकेत घालायला सांगितलंय. ठराव झाला की लेखाबरोबर मुख्याधिकाऱ्यांना अर्ज पण देणार.

वकीलकाका

अर्ज आवक-जावक विभागात द्या, साहेबांच्या हातात नको. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या.